विश्लेषण : दुपारची वीज तीन रुपयांत, मग रात्रीची महाग का?

सौरऊर्जा स्वस्त झाली हे खरे. पण सूर्य मावळल्यावरही दिवा लागेल, याची हमी देण्याचा खर्च वेगळा असतो. हा खर्च किती, तो कोण भरते आणि किल्लारीसारख्या गावाचा त्याच्याशी काय संबंध?

लातूर जिल्ह्याच्या औसा तालुक्यातील किल्लारी हे गाव ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपामुळे देशाला माहीत झाले. तेरणा नदीच्या या पट्ट्यात सोयाबीन, तूर, हरभरा आणि पाणी असेल तिथे ऊस घेतला जातो. पाऊस बेभरवशाचा, ऊन मात्र मुबलक. त्यामुळे सौरऊर्जेसाठी हा भाग उत्तम मानला जातो.

मराठवाड्यातील शेतकऱ्याची विजेबाबतची सर्वांत जुनी तक्रार दरापेक्षा वेळेची आहे. शेतीच्या वाहिन्यांवर थ्री-फेज वीज वर्षानुवर्षे पाळीने दिली गेली. काही दिवस दिवसा, तर काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की हरभऱ्याला किंवा उसाला पाणी देण्यासाठी अंधारात, थंडीत, साप-विंचवाची भीती बाळगत रानात जावे लागते. ‘दिवसा वीज द्या’ ही मागणी त्यातूनच आली आणि सौरऊर्जेमुळे ती पूर्ण होण्याची शक्यता निर्माण झाली.

मग दुसरा प्रश्न समोर येतो. सौर वीज एवढी स्वस्त असेल, तर घरचे बिल त्या प्रमाणात कमी का होत नाही?

सौर वीज खरेच तीन रुपयांत मिळते का?

हो, प्रकल्पाच्या फाटकापाशी मिळते. राज्यात २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली आणि २०२३ मध्ये तिची ‘२.०’ आवृत्ती आली. गावालगतच्या वीज उपकेंद्राजवळ काही मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारायचा आणि त्याच उपकेंद्रावरील शेतीपंपांना दिवसा वीज द्यायची, अशी ही रचना आहे. या योजनेतील विजेचा दर युनिटमागे साधारण तीन रुपये आहे. त्यासाठी खासगी जमीन भाड्याने घेतल्यास हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे आणि त्यात दरवर्षी तीन टक्के वाढ दिली जाते. प्रकल्प असलेल्या ग्रामपंचायतीला तीन वर्षे दरवर्षी पाच लाख रुपये देण्याची तरतूद आहे.

नव्या आवृत्तीतील राज्यातला पहिला प्रकल्प मराठवाड्यातच, वैजापूर तालुक्यातील धोंदलगाव येथे २०२४ मध्ये सुरू झाला. त्याची क्षमता तीन मेगावॅट आहे. योजनेचे एकूण उद्दिष्ट १६ हजार मेगावॅट आहे.

मात्र तीन रुपये हा ‘ऊन असेल तेव्हा’चा दर आहे. सौर पॅनेल सकाळी जागे होते, दुपारी बारा ते दोनच्या सुमारास भर गाठते आणि संध्याकाळी सहानंतर शून्यावर येते. वर्षभराचा हिशेब केला तर आपल्याकडचा एक मेगावॅटचा प्रकल्प सरासरी जेमतेम २० टक्के क्षमतेने चालतो.

संध्याकाळी नेमके काय होते?

वीज साठवली नाही तर ती तयार होते त्याच क्षणी वापरावी लागते. मागणी आणि पुरवठा सतत जुळलेला राहावा लागतो. तो जुळला आहे की नाही, हे ग्रिडच्या वारंवारितेवरून कळते. देशात ही वारंवारिता ५० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे ४९.९० ते ५०.०५ या पट्ट्यात ठेवायची असते. महाराष्ट्रात कळवा येथील राज्य भार प्रेषण केंद्र दिवसरात्र हेच काम करते.

दुपारी सौर वीज भरपूर असते. संध्याकाळी साडेपाच ते सात या दीड-दोन तासांत ती जवळपास पूर्ण नाहीशी होते. नेमक्या याच वेळी घरोघरी दिवे, पंखे, टीव्ही, मिक्सर सुरू होतात. म्हणजे पुरवठा घसरतो आणि मागणी चढते. ही दरी दुसऱ्या कुठल्यातरी स्रोताने, तीही काही मिनिटांत, भरून काढावी लागते.

वीज बाजारात हा फरक उघड दिसतो. मे २०२५ मध्ये वीज एक्स्चेंजवर सुट्टीच्या दिवशी दुपारी काही वेळ दर शून्याच्या जवळ गेले होते. संध्याकाळनंतर मात्र टंचाईच्या काळात हेच दर १० रुपयांच्या कमाल मर्यादेला टेकतात. युनिट तेच, तार तीच; फक्त घड्याळ बदलले.

क्षमता निम्मी, मग वीज निम्मी का नाही?

जून २०२५ अखेर देशाची स्थापित वीजक्षमता सुमारे ४८५ गिगावॅट झाली आणि त्यातील ५० टक्के वाटा कोळसा-वायूव्यतिरिक्त स्रोतांचा होता. हा टप्पा मोठा आहे. पण प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत कोळशाचा वाटा २०२४ मध्येही सुमारे तीन-चतुर्थांश होता.

कारण साधे आहे. १०० मेगावॅटचे कोळसा केंद्र रात्री अकरालाही १०० मेगावॅट देऊ शकते. १०० मेगावॅटचा सौर प्रकल्प त्या वेळी शून्य देतो. क्षमता हा नुसता आकडा आहे. ती हवी तेव्हा मिळेल का, हा खरा प्रश्न आहे.

राखीव केंद्राचा खर्च कसा वाढतो?

शेतीतले उदाहरण घेऊ. सालगडी पाडव्याला ठरतो. एखाद्या दिवशी रानात काम असो वा नसो, त्याचे ठरलेले साल द्यावेच लागते. रोजंदारीच्या मजुराला मात्र कामाच्या दिवसाचेच पैसे मिळतात.

औष्णिक वीज केंद्राच्या बिलात हे दोन्ही भाग असतात. पहिला ‘स्थिर आकार’. यात कर्जाचे हप्ते, देखभाल, पगार येतात. केंद्र ठरलेल्या प्रमाणात, साधारण ८५ टक्के, उपलब्ध असेल तर वीज घेतली किंवा नाही घेतली तरी हा आकार द्यावा लागतो. हा झाला सालगडी. दुसरा ‘चल आकार’, म्हणजे जळालेल्या कोळशाचे पैसे. ही झाली रोजंदारी.

केवळ गणितासाठी असे समजू, की एका केंद्राचा स्थिर आकार पूर्ण क्षमतेने चालल्यास युनिटमागे २ रुपये आणि कोळशाचा खर्च साडेतीन रुपये आहे. एकूण साडेपाच रुपये. आता दुपारी सौर वीज असल्यामुळे हे केंद्र निम्मेच चालले. कोळसा निम्मा लागला, पण वर्षाची स्थिर रक्कम तेवढीच राहिली आणि ती निम्म्या युनिटांवर वाटली गेली. म्हणजे युनिटमागे ४ रुपये. त्या केंद्राचे युनिट आता साडेसात रुपयांना पडते.

यात गैरव्यवहार नाही, अकार्यक्षमताही नाही. संध्याकाळसाठी केंद्र तयार ठेवण्याची ती किंमत आहे.

शिवाय कोळशाचा संच घरातल्या बल्बसारखा चालू-बंद करता येत नाही. थंड झालेला बॉयलर पुन्हा तापवायला तास लागतात. म्हणून दुपारीही त्याला किमान भारावर चालते ठेवले जाते. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या २०२३ च्या नियमांनुसार ही किमान पातळी ५५ टक्के असून ती टप्प्याटप्प्याने ४० टक्क्यांवर आणायची आहे. कमी भारावर कोळसा प्रतियुनिट जास्त लागतो आणि यंत्रांची झीजही वाढते.

राखीव केंद्र म्हणजे पक्की हमी का?

मराठवाड्याला याचे उत्तर परळीने दिले आहे. बीड जिल्ह्यातील परळी औष्णिक वीज केंद्र हा या भागाचा जुना आधार. सध्या तेथे २५० मेगावॅटचे तीन संच आहेत. पण कोळशाच्या केंद्राला पाणीही लागते. दुष्काळामुळे २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये पाण्याअभावी हे केंद्र बंद ठेवावे लागले. त्यानंतरच्याच उन्हाळ्यात, एप्रिल २०१६ मध्ये, लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले होते.

म्हणजे सूर्य रात्री नसतो, तसे दुष्काळी भागात पाणीही उन्हाळ्यात नसते. हमी देणाऱ्या केंद्रालाही हमी लागते. मराठवाड्यात राखीव विजेचा विचार करताना कोळशाच्या दराबरोबर पाण्याचा हिशेब मांडावाच लागतो. सौर पॅनेल आणि बॅटरी यांना या बाबतीत फायदा आहे, कारण त्यांना वीजनिर्मितीसाठी पाणी लागत नाही. पॅनेल धुण्यापुरते लागते.

बॅटरीत साठवून रात्री दिली तर?

गेल्या तीन-चार वर्षांत सर्वांत वेगाने बदललेला आकडा हाच आहे. २०२२ मध्ये ‘सेकी’ या केंद्रीय कंपनीच्या मोठ्या बॅटरी निविदेत एका मेगावॅटचे भाडे महिन्याला १० लाख ८४ हजार रुपये निघाले होते. २०२५ मधील अनेक निविदांत ते दोन-सव्वादोन लाखांच्या आसपास आले. यात केंद्राच्या अनुदानाचा हातभार आहे. जून २०२५ मध्ये जाहीर झालेल्या टप्प्यात मेगावॅट-तासामागे १८ लाख रुपये याप्रमाणे ५,४०० कोटींची तरतूद आहे.

याचे युनिटमध्ये रूपांतर करू.

- एक मेगावॅटची, दोन तास चालणारी बॅटरी दिवसातून एकदा भरून रिकामी केली तर रोज २,००० आणि महिन्याला ६०,००० युनिट देते.
- महिन्याचे भाडे २ लाख २० हजार रुपये धरले तर साठवणुकीचा खर्च युनिटमागे सुमारे ३ रुपये ६७ पैसे येतो. २०२२ च्या दराने हाच खर्च १८ रुपये होता. बॅटरी दिवसातून दोनदा वापरली तर दोन्ही आकडे निम्मे होतात.
- बॅटरीत १०० युनिट भरले तर साधारण ८५ परत मिळतात. त्यामुळे तीन रुपयांची सौर वीज बाहेर पडताना साडेतीन रुपयांची होते.
- एकूण बेरीज : सुमारे ७ रुपये २० पैसे.

मग बॅटरीसह सौर प्रकल्पांचे दर साडेतीन रुपयांच्या आसपास कसे येतात? डिसेंबर २०२४ मध्ये सेकीच्या अशा एका निविदेत ३ रुपये ५२ पैसे दर निघाला, तोही चार तासांच्या बॅटरीसह. यात विरोधाभास नाही. त्या प्रकल्पात बॅटरीची ताकद सौर क्षमतेच्या निम्मी होती. म्हणजे बहुतेक वीज दुपारी थेट ग्रिडमध्ये जाते आणि साधारण चारातले एक युनिट बॅटरीतून फिरते. महागड्या एका युनिटाचा खर्च चारही युनिटांवर वाटला जातो. साठवायची वीज जितकी जास्त, तितका सरासरी दर चढत जातो. म्हणून ‘सौर अधिक बॅटरी’चा कोणताही दर वाचताना ‘किती तास आणि किती वाटा’ हे आधी पाहावे.

डोंगरावरचे पाणी बॅटरीचे काम करते का?

करते. दुपारच्या स्वस्त विजेने खालच्या धरणातले पाणी वर चढवायचे आणि संध्याकाळी ते खाली सोडून टर्बाइन फिरवायचे. याला उदंचन जलविद्युत म्हणतात. अकोले तालुक्यातील घाटघर येथे २५० मेगावॅटचा असा प्रकल्प चालू आहे. मराठवाड्यातही जायकवाडीच्या पायथ्याशी पैठण येथे १२ मेगावॅटचा, दोन्ही दिशांनी फिरू शकणारा संच आहे.

महावितरणने नाशिक जिल्ह्यातील भावली येथील नियोजित प्रकल्पातून १,५०० मेगावॅट साठवण क्षमता ४० वर्षांसाठी घेण्याचे ठरवले आहे. दर मेगावॅटला वर्षाला ८४ लाख ६६ हजार रुपये. रोज आठ तास आणि वर्षभर वापरले तर युनिटमागे सुमारे २ रुपये ९० पैसे. पाणी चढवण्यात २० ते २५ टक्के वीज खर्ची पडते, ती धरून रात्रीचे युनिट पावणेसात रुपयांच्या आसपास जाते.

बॅटरी असो, डोंगरातले पाणी असो वा अर्धवट चालणारे कोळसा केंद्र. तिन्ही वाटांनी रात्रीचे हमीचे युनिट सात रुपयांच्या घरात येते, ते असे.

मग महाराष्ट्राने कोणती वाट धरली?

सगळ्या थोड्याथोड्या. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्याने ६,६०० मेगावॅटची एक एकत्रित निविदा अंतिम केली. ती अदानी समूहाला मिळाली. त्यात ५,००० मेगावॅट सौर आणि सुमारे १,६०० मेगावॅट औष्णिक वीज आहे. सौर विजेचा दर २ रुपये ७० पैसे आणि एकत्रित दर ४ रुपये ८ पैसे. स्वस्त दुपार आणि महाग रात्र एकाच करारात बांधल्यावर दर कुठे जातो, याचे हे सरळ उदाहरण. या करारातील सौर दर कायम राहणार असला तरी कोळशाचा खर्च बाजाराप्रमाणे बदलू शकतो, यावर टीकाही झाली.

जुना आधार कोयनेचाही आहे. सुमारे १,९६० मेगावॅटचा हा प्रकल्प संध्याकाळच्या मागणीला काही मिनिटांत धावून येतो. मात्र पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे. दुपारी सौर वीज मिळाली की हेच पाणी संध्याकाळसाठी राखता येते.

आठवडाभर ढग राहिले तर दोन-चार तासांची बॅटरी पुरत नाही, हा आणखी एक प्रश्न. जर्मनीत डिसेंबर २०२४ मध्ये ऊनही नाही आणि वाराही नाही अशा दिवशी एका तासाचा दर मेगावॅट-तासाला ९०० युरोंच्या वर गेला होता. आपल्याकडे पावसाळ्यात ढग असले तरी त्याच काळात वारा जोरात असतो, धरणे भरतात आणि पंपांची मागणीही उतरते. हा निसर्गाचा मेळ महाराष्ट्राच्या पथ्यावर पडतो. पावसाने महिनाभर ओढ दिली आणि वाराही पडला, तर मात्र कसोटी लागते.

सर्वांत स्वस्त ‘बॅटरी’ कोणती?

इथे किल्लारीचा शेतीपंप पुन्हा महत्त्वाचा ठरतो. पाच अश्वशक्तीचा पंप आठ तास चालला तर साधारण ३० युनिट लागतात. दिवसा सौर विजेवर त्याचा खर्च ९० रुपये. तीच वीज बॅटरीत साठवून रात्री दिली तर वरच्या हिशेबाने २१६ रुपये. एका पंपामागे एका पाळीला १२६ रुपयांचा फरक. वर्षात अशा १०० पाळ्या धरल्या तर १२,६०० रुपये.

म्हणजे वीज रात्रीकडे नेण्यापेक्षा पंप दिवसाकडे आणणे कितीतरी स्वस्त पडते. पिकाला पाणी दुपारी मिळाले काय किंवा रात्री, पाणी मुरते ते जमिनीतच. इथे साठवणूक मातीत आणि विहिरीत होते. त्यासाठी वेगळे भाडे नाही. प्रकल्प उपकेंद्राजवळ असल्याने लांबच्या पारेषणातली गळतीही वाचते. शेतकऱ्याची रात्रीची पायपीट थांबते ती वेगळीच.

हेच तत्त्व पिठाच्या गिरणीला, लातूरच्या डाळ गिरण्यांना आणि पाणीपुरवठ्याच्या पंपांनाही लागू होते. १ जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते सायंकाळी ५ दरम्यानच्या वापरावर युनिटमागे ८० पैसे ते १ रुपया सवलत लागू झाली, त्यामागेही हाच विचार आहे.

हमीचे पैसे कोण भरणार?

राज्यात साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना एप्रिल २०२४ पासून पाच वर्षे मोफत वीज जाहीर झाली. त्याचा सरकारवरील वार्षिक भार १४,७६० कोटी रुपये सांगितला गेला. हा भार कमी करायचा तर पंपांची वीज स्वस्त हवी, म्हणजेच ती दिवसाची हवी. शेती सौर विजेवर न्यायची घाई सरकारला आहे, ती याचमुळे.

दुसरीकडे मोठे उद्योग स्वतःची सौर वीज घेऊ लागले आहेत. दुपारी ते महावितरणची वीज घेत नाहीत, संध्याकाळी मात्र घेतात. छतावर पॅनेल बसवलेल्या घरांचेही तसेच. पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटपर्यंत ७८ हजार रुपये अनुदान मिळते आणि नेट मीटरिंगमुळे दुपारी ग्रिडला दिलेले युनिट रात्री परत घेता येते. ग्राहकासाठी हा बरोबरीचा व्यवहार असतो. महावितरणसाठी मात्र दुपारचे स्वस्त युनिट घेऊन रात्रीचे महाग युनिट देणे असते. हा फरक कुणीतरी भरतो. ज्यांच्याकडे ना छत आहे ना पॅनेलसाठी पैसे, त्यांच्या बिलात तो येऊ नये, हा पुढच्या काळातील दरनिश्चितीचा कळीचा मुद्दा असेल.

पुढे काय?

फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्रीय वीज प्राधिकरणाने नव्या सौर निविदांत किमान दोन तासांची, क्षमतेच्या १० टक्के साठवणूक ठेवण्याची सूचना केली. बॅटरीचे दर आणखी उतरले तर रात्रीचे युनिट सात रुपयांवरून खाली येईल. पण ते दुपारच्या दराइतके होणार नाही, कारण साठवणुकीला काहीतरी खर्च राहणारच.

त्यामुळे ‘सौर वीज स्वस्त’ आणि ‘सौर वीज परवडत नाही’ ही दोन्ही विधाने अर्धीच आहेत. किल्लारीच्या शेतकऱ्यासाठी दिवसाची सौर वीज आजच फायद्याची आहे, कारण त्याचे काम दिवसा होऊ शकते. त्याच्याच घरातल्या रात्रीच्या पंख्यासाठी मात्र कुणाला तरी सालगड्यासारखे वर्षभर तयार राहावे लागते. त्या तयारीचा खर्च बिलातल्या स्थिर आकारात येतो, विजेच्या दरात मिसळतो किंवा सरकारी तिजोरीतून जातो. तो यापैकी कुठून किती जातो, हे ग्राहकाला स्पष्ट दिसायला हवे. वीज नियामक आयोगाच्या पुढच्या दरसुनावणीत ग्राहकांनी मागायचा हिशेब हाच आहे.